दर्शना, आणि दुसऱ्या मॅडम

आमच्या वर्कशॉपमध्ये बायका दोनच होत्या, त्यामुळे ड्रायव्हर लोकांना आमची नावं लक्षात ठेवायची गरज पडत नसे. दर्शना म्हात्रे म्हणजे ‘मॅडम’ आणि मी म्हणजे ‘दुसऱ्या मॅडम’. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. आम्ही दोघी एकाच आयटीआयमधून, एकाच सकाळी, एकाच हुद्द्यावर लागलो होतो. मार्क तर माझे तिच्याहून चांगले होते. तरी महिन्याभरात हे असं होऊन बसलं आणि मग कायमचं तसंच राहिलं.

दर्शनावर लिहायचं म्हणजे तिची स्तुती करावी लागणार, हे मला ठाऊक आहे. इतरांनी ती एवढी केली आहे की माझ्या वाटणीला फारशी उरलेली नाही. मी आपलं जे पाहिलं ते लिहिते.

वर्कशॉप कामणजवळ, भिवंडीला जाणाऱ्या रस्त्याला लागून. आजूबाजूला सगळी गोदामं. ट्रक, ट्रेलर, टँकर यांची दिवसभर ये-जा. आम्ही दोघी इलेक्ट्रिकल विभागात. हल्लीच्या ट्रकांना जागोजागी सेन्सर असतात. ब्रेक हवेवर चालतात, तर टाकीत हवा किती आहे ते सांगणारा एक. प्रत्येक चाकाशेजारी बोटाएवढा आणखी एक, तो चाक किती वेगानं फिरतंय ते पाहतो, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक घसरायला लागलं तर ते आपोआप सावरता यावं. यातलं काहीही बिनसलं की ड्रायव्हरच्या समोर दिवा लागतो. तो दिवा का लागला ते शोधून काढायचं, हे आमचं काम.

आमचे फोरमन परबसाहेब मूळचे कणकवलीकडचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर उभं केलं आणि म्हणाले, “पोरींना घेतलंय तर घेतलंय. आधी बॅटरीची टर्मिनलं साफ करा, बल्ब बदला. मग हळूहळू बघू.”

मी म्हटलं, “हो साहेब.”

दर्शना म्हणाली, “साहेब, बल्ब बदलायला आमच्या आयेला पन येतं.”

मला वाटलं, गेली हिची नोकरी. परबसाहेब हसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दर्शना एका टँकरखाली आडवी झालेली होती, फक्त बूट बाहेर. मी त्या आठवड्यात बल्ब मात्र फार व्यवस्थित बदलले.

ती नायगावच्या खाडीकडची, मिठागरांच्या काठच्या गावातली. उंच, रुंद खांद्यांची. आवाज असा की या टोकाला बोलली तर त्या टोकाचा टायरवाला “काय म्हणालीस?” असं विचारायचा. कानात मोठ्या सोन्याच्या रिंगा घालून यायची. कामाला लागताना त्या काढून खिशात टाकायची आणि घरी जाताना आठवणीनं पुन्हा घालायची. ग्रीसच्या हातानं केस मागे सारायची सवय होती, त्यामुळे दुपारनंतर कपाळावर एक काळा पट्टा असायचाच. तो तिला शोभायचा. हेही मला त्रासाचं होतं, कारण माझ्या चेहऱ्याला ग्रीस लागलं की मी नुसती मळकी दिसायचे.

ती विनम्र वगैरे अजिबात नव्हती. तिला कौतुक आवडायचं आणि ते ती मागून घ्यायची. गाडी दुरुस्त झाली की कमरेवर दोन्ही हात ठेवून ड्रायव्हरसमोर उभी राहायची आणि विचारायची, “बोला, कोनी केलं?”

“मॅडमनी केलं,” ड्रायव्हर म्हणायचा.

“जोरात बोला. परबसाहेबांना ऐकू जायला पायजे.”

मग तो जोरात बोलायचा आणि सगळे हसायचे. मी माझं काम संपवायचे, हात धुवायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. मला वाटायचं, काम चांगलं असेल तर ते आपोआप कळतं. ते आपोआप कळत नाही, हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि समजल्यावरही “बोला, कोणी केलं?” हे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. एकदा घरी आरशासमोर म्हणून पाहिले. चोर पकडल्यासारखे वाटले.

तिच्या वागण्यातली आणखी एक गोष्ट. गाडी आली की मी लॅपटॉप जोडायचे, कुठला फॉल्ट नोंदला गेलाय ते वाचायचे आणि मीटर घेऊन त्या वायरीच्या मागे लागायचे. ही पद्धत चुकीची नाही. आम्हाला शिकवलेली तीच आहे. दर्शना आधी ड्रायव्हरला खाली उतरवायची, चहा मागवायची आणि त्याला विचारायची, “दिवा लागला तेव्हा गाडीत गानं कुठलं चालू होतं?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही थट्टा करतेय. पण ड्रायव्हर डोकं खाजवून आठवायला लागायचा. गाणं आठवलं की त्याला रस्ता आठवायचा. रस्ता आठवला की, चढ होता, गाडी भरलेली होती, नुकताच खड्ड्यात आपटलो होतो, हेही आठवायचं. नुसतं “दिवा केव्हा लागतो?” असं मी विचारलं की मला उत्तर मिळायचं, “केव्हापण लागतो मॅडम.”

“दिवा खोटं नाय बोलत,” ती म्हणायची. “पन दिवा अर्धंच बोलतो. बाकीचं अर्धं ड्रायव्हरच्या पोटात असतं.”

मीही तसे प्रश्न विचारून पाहिले. एका वयस्क ड्रायव्हरला मी विचारलं, “गाणं कुठलं चालू होतं?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

माशांच्या गाडीची गोष्ट ती स्वतःही फार रंगवून सांगायची. मी साधी सांगते. अर्नाळ्याहून मासळी नेणारा एक बंद ट्रक आमच्याकडे आला होता. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा फॉल्ट दाखवायचा, मधेच जायचा, मधेच यायचा. गाडी माझ्याकडे होती. मी सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. मी वायरी मोजल्या. एकदा बरोबर, एकदा चूक. मी वायरिंगचा नकाशा पसरून बसले होते, तेवढ्यात दर्शना चहाचा कप घेऊन आली.

“भाऊ, मासळीचं पानी कुठं जातं?” तिनं ड्रायव्हरला विचारलं.

“कुठं जाणार? खालीच गळतं.”

तिनं कप माझ्या नकाशावर ठेवला, गाडीखाली शिरली आणि चासीवरच्या एका जोडावरून, जिथे मागच्या वायरी पुढच्या वायरींना मिळतात तिथून, बोट फिरवलं. आणि ते बोट जिभेला लावलं.

“अगं!” मी ओरडले.

“खारं हाय,” ती आतूनच म्हणाली. “बर्फात मीठ घालतोस ना रे भाऊ?”

“घालतो की. गारवा जास्त येतो.”

तिनं तो जोड उघडला. आतल्या पिना हिरव्यागार झालेल्या. “आमच्या बापाचा जन्म मिठागरात गेला,” ती बाहेर येत म्हणाली. “मीठ कुठं कुठं शिरतं ते मला नको सांगू.” मग उठून कमरेवर हात ठेवले. “बोला, कोनी केलं?”

मी त्या जोडापर्यंत पोचणारच होते. नकाशावर त्याच जोडाभोवती मी पेन्सिलनं गोल केलेला होता. तिच्या कपाचं ओलं वर्तुळ नेमकं त्याच्याशेजारी उमटलं होतं. मी तो नकाशा परबसाहेबांना नेऊन दाखवलादेखील. ते म्हणाले, “हो हो, छानच,” आणि मान वळवून विचारलं, “दर्शना, बर्फात मीठ आहे हे कसं गं ओळखलंस?”

तिच्या खोड्या आणि उणिवा सांगायला मात्र कुणी पुढे येत नाही, तेव्हा त्या मीच सांगते. स्वतःची हत्यारं ती कधी जागेवर ठेवत नसे. माझ्या मीटरची टोकं तिनं हरवली, माझा बारीक पेचकस एका ट्रेलरबरोबर बहुतेक नागपूरला गेला. मागितलं की म्हणायची, “तुझं-माझं काय करतेस गं शुभा?” आणि दुसऱ्या दिवशी घरून निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, सुकं घेऊन यायची, पेचकस नाही. निवटे इतके चविष्ट असायचे की भांडण पुढे नेता येत नसे. कुठलाही अहवाल वेळेवर लिहायची नाही. हिशेबानं वागणाऱ्या माणसांची तिला गंमत वाटायची, आणि मी तशी आहे.

पण एक गोष्ट मी रोज वापरत होते आणि ती तिनं मिळवलेली होती. सुरुवातीला वर्कशॉपमध्ये बायकांसाठी संडास नव्हता. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जायचं, असं परबसाहेबांनी सांगितलं होतं. मी पाणी कमी प्यायला लागले. दर्शना पोटभर पाणी प्यायची आणि दर वेळी जाताना, गाडीची वाट बघत बसलेल्या मालकाला नमस्कार करून सांगायची, “शेठ, तुमची गाडी आता थांबेल. मला रस्ता ओलांडून हॉटेलात लघवीला जायचंय. परत येताना रस्ता मोकळा मिळेल तेव्हा येईन.”

मालक लोक संकोचानं इकडेतिकडे बघायचे. मग ते परबसाहेबांकडे जायचे आणि परबसाहेब मॅनेजरांकडे. एक जाडजूड मालक तर मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, “अहो, त्या बाईला एक खोली बांधून द्या, माझी गाडी रोज तिच्या लघवीपायी अडते.” संडास बांधला गेला. चांगला, फरशीचा, आतून कडी असलेला. उद्घाटन म्हणून तिनं दाराला झेंडूची माळ लावली आणि मला म्हणाली, “पयली तू जा.”

मी गेले. आतून कडी लावली आणि तिथे उभी राहून मला तिचा असा राग आला की सांगता येत नाही. इतके दिवस मी तहान मारली होती. हे बोलायचं असतं, असं बोलता येतं, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

मी मनवेलपाड्यात राहते. नवरा, सासूबाई आणि मी. सासूबाई कोरेगावकडच्या, ट्रकच्या वर्कशॉपमध्ये सून काम करते हे त्यांनी गावाकडे कुणाला धडपणे सांगितलं नव्हतं. गणपतीत दर्शना आमच्याकडे आली. येताना वडिलांच्या मिठागरातलं जाडं मीठ पिशवी भरून घेऊन आली. आल्या आल्या जमिनीवर बसली, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, दोन वेळा मोदक मागून घेतले आणि जाताना त्यांना म्हणाली, “मावशी, तुमच्या सुनेसारखी वायर जोडनारी अख्ख्या पट्ट्यात नाय.”

याचा परिणाम काय व्हावा? सासूबाई मला विचारायला लागल्या, “आज दर्शनानं काय केलं?” लोणच्याला तेच मीठ, बरणी काढली की तेच नाव. आणि एकदा मी एका टँकरचा फार अवघड फॉल्ट शोधून काढला होता, रात्री जेवताना उत्साहानं सगळं सांगितलं, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दर्शनानं शिकवलं असेल.”

नवरा हसला. मी ताट घेऊन उठले.

आता ती गोष्ट, जिच्यात मी बरोबर होते आणि ती चूक.

नामदेव म्हणून एक सोलापूरकडचा ड्रायव्हर होता, पोलादाच्या गुंडाळ्या वाहून नेणारा. त्याच्या ट्रेलरला चालता चालता हवा कमी झाल्याचा भोंगा वाजायचा. वर्कशॉपमध्ये उभी असताना गाडी अगदी शहाणी. दर्शनानं इंजिन चालू ठेवून बराच वेळ पाहिलं, हवेचा काटा तसूभर हलला नाही. तिनं निकाल दिला: सेन्सर खराब. हवा आहे, पण सेन्सर नाही म्हणतोय.

“हवा खरंच जात असेल तर?” मी म्हटलं.

“कुठून जाईल? उभी तर हाय समोर.”

“उभी आहे म्हणूनच. त्याचा भोंगा चालताना वाजतो.”

तिनं नवीन सेन्सर बसवला. आता ट्रकमधला काटा आणि भोंगा दोन्ही त्या एकाच सेन्सरचं ऐकून चालतात. तो चुकला की दोघं चुकतात, आणि तो खरा असला तरी दोघांकडे बघून ते कळत नाही. म्हणून मी हवेच्या टाकीला एक साधा, यांत्रिक काट्याचा गेज जोडला, त्याची लांब नळी केबिनमध्ये ओढून घेतली आणि गेज मांडीवर घेऊन बसले. त्याला वायर नाही, बॅटरी नाही, त्याला फक्त हवा कळते.

दर्शना मोठ्यानं हसली. “शुभा, तू लग्नाच्या आधी नवऱ्याचं बीपी पन दोन मशिनांवर बघितलं असशील.”

टायरवाल्यापासून परबसाहेबांपर्यंत सगळे हसले.

आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. नामदेव चालवायला, मधे दर्शना, खिडकीशी मी. मागे माल भरलेला. चिंचोटीच्या दिशेनं बरंच अंतर काहीच झालं नाही. दर्शना नामदेवला त्याच्या मुलीचं शिक्षण विचारत होती. मग रस्ता डावीकडे वळला आणि भोंगा वाजायला लागला.

“नवा सेन्सर पन तेच बोलतोय,” दर्शना म्हणाली. “म्हंजे वायर बघायला पायजे.”

माझ्या मांडीवरचा काटा खाली येत होता. सावकाश नाही, बघता बघता.

“वायर नाही,” मी म्हटलं. “हवा जातेय. नामदेवभाऊ, गाडी बाजूला घ्या. आत्ता.”

नामदेवनं दर्शनाकडे पाहिलं. त्या वेळीसुद्धा त्यानं तिच्याकडे पाहिलं. दर्शनानं माझ्या मांडीवर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “घे बाजूला!” ती ओरडली.

अशा गाडीत हवा फार कमी झाली की आतल्या स्प्रिंगा सुटतात आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली जातात. गाडी पळून जाऊ नये म्हणून ती सोय आहे. पण रहदारीत, मागे मोटरसायकली आणि शाळेच्या मुलांनी भरलेली एक रिक्षा चिकटून चाललेली असताना, भरलेला ट्रेलर असा अचानक रुतून बसला तर काय होईल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नामदेवनं हॉर्न दाबून धरला, रिक्षा पुढे निघून गेली, आणि एका गोदामाच्या फाटकासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी शिरते न शिरते तोच चाकं आवळली. सगळी केबिन हादरली. मागे साखळ्या करकरल्या. माल जागेवर राहिला.

  नामदेव कपाळाला हात लावून बसला होता.

खाली उतरून पाहिलं. मागच्या चाकांकडे जाणारी एक रबरी नळी चासीच्या कडेला घासून चिरली होती. गाडी उभी असली की चीर मिटलेली. गाडी भरलेली असून डावीकडे वळली की नळी ताणली जायची आणि चीर तोंड उघडायची. मीच गाडीखाली जाऊन ती हातानं वाकवून दाखवली.

तो क्षण माझा होता. मी हळूहळू बाहेर आले, हात पुसले. मला वाटतं, मी बोलायला तोंडही उघडलं होतं.

पण दर्शना आधीच रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन्ही हात डोक्यावर जोडून मला नमस्कार करत होती. “ही बघा!” ती गोदामाच्या वॉचमनला, चहावाल्याला, थांबलेल्या मोटरसायकलवाल्यांना ओरडून सांगत होती. “हिनं पकडलं! मी हिला हसले, मी गाढव! आज ती रिक्षा हिच्यामुळं वाचली! बोला, कोनी केलं? शुभांगीनं केलं! बोला!”

आणि कुणालाच काही माहीत नसताना ते सगळे म्हणाले, “शुभांगीनं केलं.”

वर्कशॉपमध्ये परतल्यावर तिनं तेच सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं. माझ्या घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं. आठवड्याभरात त्या रस्त्यावरच्या सगळ्या धाब्यांवर ती हकिगत पोचली होती, आणि ऐकून लोक काय म्हणत होते? नामदेवनं स्वतः मला येऊन सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून: “दुसऱ्या मॅडम, पण म्हात्रे मॅडमचं मन बघा केवढं. आपली चूक अशी कोण सांगतं?”

तिनं माझं यश माझ्या हातात ठेवलं होतं, त्यात काही शंका नाही. पण देणारी तीच राहिली. आणि तिच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तिच्या मनात काही असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढे वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर नव्या मुलामुलींना शिकवण्यासाठी वर्ग सुरू करायचं ठरलं. शिकवायला आमच्यातलंच कुणीतरी हवं होतं. ही जागा मला हवी होती. मी आयुष्यात फार गोष्टी हव्याशा वाटून घेतलेल्या नाहीत, पण ही मला मनापासून हवी होती. मला शिकवता येईल, नकाशे काढता येतील, सगळं नीट ओळीनं सांगता येईल, असं वाटत होतं. मी तसं मॅनेजरांना सांगितलंही. दर्शनानं सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी परबसाहेबांनी शब्द टाकला. जागा दर्शनाला मिळाली.

पेढे वाटले गेले. मी एक घेतला. जेवणाच्या सुट्टीत दर्शना मला कंपाउंडच्या भिंतीकडे घेऊन गेली.

“मी नाय घेनार ही जागा,” ती म्हणाली.

“का?”

“मी हेवीचं लायसन काढलंय. ट्रेलर चालवनार. एका शेठशी बोलनं झालंय.”

मी म्हटलं, “वेड लागलंय तुला?”

“लागलं असंल.” ती भिंतीला टेकली. “शुभा, इतकी वर्षं गाड्या येतात. आपन त्यांचे दिवे विझवतो, गाड्या जातात. नामदेव मला इंदूर सांगतो, विजयवाडा सांगतो. मी जिथं जिथं दिवा लागला त्या सगळ्या जागा पाठ केल्या, आनि स्वतः मी भिवंडीच्या पलीकडं गेले नाय.”

“घरी काय म्हणाले?”

“बापानं बोलनं टाकलंय. भाऊ बोलला, तुझ्याशी लग्न कोन करेल. आये रडते.” हे सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज फक्त मला ऐकू येईल इतका होता. तिनं ग्रीसच्या हातानं डोळे पुसले. “बापाचं वाईट वाटतं. त्याच्या हाताला भेगा पडल्या मला शिकवायला. तो बोलतो, पंख्याखालची नोकरी सोडून रस्त्यावर कोन जातं.”

“मग नको जाऊ.”

“जानार.” ती हसली. “आनि मी साहेबांना सांगून आले. शुभांगीला द्या ही जागा. माझ्यापेक्षा ती चांगली शिकवेल.”

मी काय म्हणायला हवं होतं? आभार? मला हवी असलेली एकच गोष्ट तिला न मागता मिळाली होती, ती तिला नको होती, आणि ती आता तिनं मला काढून दिली होती, निवट्यांच्या डब्यासारखी. मी म्हटलं, “बरं.” ती मला मिठी मारून गेली. माझ्या युनिफॉर्मच्या पाठीवर तिच्या हातांचे काळे ठसे उमटले. धुतल्यावरही ते पुरते गेले नाहीत.

महिनाअखेरीला तिनं नोकरी सोडली. परबसाहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला. काही दिवस तिच्याबद्दल ऐकू यायचं: तिची पहिली फेरी सुरतेची झाली, एका धाब्यावर तिला झोपायला जागा देईनात तेव्हा तिनं मालकाच्या आईशी ओळख काढली, वडील अजून बोलत नाहीत पण ती घरी यायची असली की फाटकाशी बसलेले दिसतात. मला तिचे फोन यायचे. मागे इंजिनाचा आवाज आणि ती ओरडून बोलत असायची. मग माझा वर्ग, तिच्या फेऱ्या, फोन कमी झाले. मी चांगली शिकवते. हे मुलंच सांगतात. वरच्या मजल्यावर आता मीच एकटी मॅडम आहे.

काही महिन्यांपूर्वी मी सकाळी कामण नाक्यावर रिक्षातून उतरले. रस्ता तुंबला होता. माझ्या समोरच एक लांब ट्रेलर उभा होता, माल भरून वर ताडपत्री ताणलेली. मी सहज वर पाहिलं, तर केबिनमध्ये दर्शना. एकटीच. बारीक झाली होती. खिडकीवर ठेवलेला उजवा हात कोपरापर्यंत उन्हानं काळवंडलेला. ती आरशात मागचं बघत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. शिव्या असतील किंवा गाणं असेल. मी अगदी जवळ होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी हाक मारली नाही. मी तिची गाडी बघायला लागले. पुढचे दिवे बघितले. केबिनपासून ट्रेलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या बघितल्या, कुठे लोंबतायत का, घासतायत का. वायरींचे जोड बघितले, प्रत्येकावर नीट टोपण. चाकांचे नट, चिखलाचे पडदे, ताडपत्रीच्या दोऱ्यांच्या गाठी. सगळं जिथल्या तिथं, आवळून, पुसून. जिनं आयुष्यात माझा एक पेचकस परत केला नाही, तिची गाडी अशी होती.

पुढची रांग हलली. हवा सुटल्याचा सुस्कारा आला आणि गाडी निघाली. एवढी लांब गाडी, वळायला वेळ लागतो. तिनं घाई केली नाही, एका सायकलवाल्याला हातानं पुढे जाऊ दिलं, मग भिवंडीच्या अंगाला वळवली. वळणावर तिनं ब्रेक दाबला. मागचे दोन्ही दिवे एकदम लागले, एकदम विझले. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा लागले, पुन्हा विझले. वर्गाची वेळ झाली होती, तरी ते दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच उभी राहून बघत होते, एखादा तरी लागायचा राहील म्हणून.